कुंकवाची रेघ

कोंडीराम आमच्या लालबागच्या गिरणीतला वेल्डर. माणूस खडूस, पण कामाची घमेंड शोभावी असा हात. "माझा सांधा निघाला तर मिशी उतरवीन," हे तो चहाच्या प्रत्येक कपाबरोबर ऐकवायचा. रंगखात्यात वाफेचा स्टेनलेस स्टीलचा पाइप त्यानेच जोडलेला. त्या पाइपाखाली मी दिवसभर उभा.

पंचावन्नच्या खंडेनवमीला गिरणी थंड असताना आम्ही यंत्रं पुसून पुजली. मी हौसेने पाइपालाही ओल्या कुंकवाची बोटं ओढली. सुटीनंतर कोंडीरामने ती फडक्याने पुसली. सगळं कुंकू गेलं, पण सांध्यालगत केसाएवढी लाल रेघ राहिली. तो ती पुन्हा पुन्हा पुसत होता.

"काय रे?" मी विचारलं.

"डाग आहे," म्हणाला.

गिरणीच्या साहेबाला मात्र त्याने सांध्याला तडा गेल्याचं खरं सांगितलं, हे मला फार नंतर कळलं. साहेब म्हणाला, "हे पोलाद चिवट असतं. बिडासारखं एकदम तुटत नाही. वर्षअखेरीस बघू." बोलणं अगदीच खोटं नव्हतं. कोंडीरामने तड्याच्या दोन्ही टोकांना कानशीने खुणा केल्या आणि रोज बघत राहिला. दिवाळी होईतो तडा खुणांच्या पुढे गेला होता.

नोव्हेंबरात संयुक्त महाराष्ट्रासाठी बंद झाला. वाफ बंद, सगळे रस्त्यावर, आणि हा हत्यारांची पिशवी घेऊन गिरणीत शिरला! संध्याकाळी चाळीच्या जिन्यात मी त्याला सगळ्यांदेखत फितूर म्हणालो. माझं डोकं तेव्हा असंच फिरायचं. तो पिशवी सावरत वर गेला. खरं कारण सांगितलं असतं तर आपलाच सांधा निघाला हे त्याला कबूल करावं लागलं असतं.

चाळीने त्याच्याशी बोलणं टाकलं, ते त्याने सोसलं. चौथ्या दिवशी बायकांनी त्याच्या बायकोला, मालनला, नळावर पाणी भरू दिलं नाही. त्या संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला. मी जेवत होतो. त्याने पाइपाचा कापलेला तुकडा माझ्या पाटाजवळ ठेवला.

"बंदाच्या दिवशी हाच कापला. नवीन घातलाय. सांधा माझाच होता, दौलत."

मी तुकडा उजेडात धरला. तडा बाहेरून आत जवळजवळ आरपार गेला होता. नखाएवढी जाडी काय ती शाबूत होती. जवळजवळ महिनाभर मी त्याच्याखाली उभा होतो. लाज अशी वाटली की आजही आठवली की वाटते.

काहीतरी बोलावं म्हणून मी मान वर केली. कोंडीरामच्या ओठावर मिशी नव्हती.