फुकटचा गूळ

केरूला फुकट काही देऊ करा, त्याच्या कपाळावर आठी पडलीच म्हणून समजा. प्रसादाचा पेढासुद्धा तो उलटसुलट करून बघायचा. धरमतर खाडीकाठच्या त्या गावात पोरं त्याची यावरून टिंगल करायची, पण आठी काही उगाच पडलेली नव्हती.

उभी जवानी त्याची मिठागरात गेली. मीठ मापायच्या दिवशी व्यापारी यायचा, सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा, पाठीवरून हात फिरवायचा. आणि इकडे गूळ विरघळेस्तोवर त्याचा माणूस प्रत्येक मापावर भली मोठी शीग चढवून मीठ उचलायचा. वरचं मीठ हिशेबात नाही. तोंडात गूळ असल्यावर माणूस भांडणार तरी कसा? एवढं केरू शिकला, आणि जन्मभर तेवढंच धरून बसला.

पुढं मिठागरं बंद पडली. केरूचा मुलगा रोह्याला कंपनीत लागला, घरात महिन्याचा किराणा येऊ लागला. शेजारची इंदुबाई मात्र एकटी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, एका खाचराच्या भातावर तिचं वर्ष निघायचं. तिचा नवरा केरूचा जिवाभावाचा दोस्त होता, त्यामुळं केरूचा शब्द तिला मोठ्या भावाचा.

एका भाद्रपदात उधाणानं खाडीचा बांध फोडला. घरटी एक माणूस बांधावर, ही तिथली रीत. इंदुबाईनंही चिखलाच्या पाट्या वाहिल्या. बांध बुजला, पण खारं पाणी शेतात शिरून गेलं होतं. आता दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको.

मग पेणच्या हायवेवरच्या सुपरमार्केटची गाडी आली. तांदूळ, डाळ, तेलाच्या पिशव्या, मोठा बॅनर, फोटोवाला. पुढचं पीक येईस्तोवर दर महिन्याला देऊ म्हणाले. बायका रांगेला लागल्या. केरू पुढं झाला.

"कसले हे दानशूर? काउंटरवर गिऱ्हाइकाकडूनच मागून घेतात, गरजूंसाठी म्हणून. माज्या सुनंनं दिलेत. पैसं लोकांचं, नाव यांचं, आन् फोटोत तोंडं आपली!"

यातलं अक्षर खोटं नव्हतं, तीच तर पंचाईत. लोक हसले, रांग विस्कटली. इंदुबाईच्या हातात पिशवी आली होती.

"ठेव गो ती इंदू," केरू म्हणाला. "आपुन काय भिकारी हाव?"

तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि पिशवी गाडीत ठेवली. गाडी पुढच्या गावाला गेली, ती पुन्हा इकडं फिरकली नाही. केरूची छाती त्या दिवशी फुगली होती. घरी जाऊन तो पोटभर जेवला, मुलाच्या पगारातला भात.

शेजारी चूल पेटते की नाही, हे त्यानं बघायला हवं होतं. नाही बघितलं मेल्यानं! दिवाळीत इंदुबाईच्या दाराला कुलूप दिसलं, तेव्हा कळलं की ती कोलाडला हायवेवरच्या एका हॉटेलात भांडी घासते, तिथंच मागं राहते. दुसऱ्या दिवशी त्यानं एसटी पकडली.

तो दिसताच इंदुबाईनं हात पुसले, त्याला बाकावर बसवलं आणि मालकाला सांगून स्वतःच्या वाटणीचं ताट आणलं.

"त्या दिवशी बोलली का नायस गो?" केरूनं विचारलं.

"काय बोलू, दादा? तुमी खरंच बोलत हुतात. खरं बोलणाऱ्याला चार लोकांत कसं सांगू, माज्या डब्यात तांदूळ नाय म्हनून?"

केरूनं हातातला घास ताटात ठेवला. सुपरमार्केटवाल्यांची नियत त्यानं बरोबर ओळखली होती, फक्त हिची भूक ओळखली नव्हती. आणि भूक तर एका भिंतीपलीकडं होती.

"घरी चल," तो म्हणाला. "आमच्यात जेव. चार घासांनी काय आमचं कमी होत नाय."

इंदुबाई हसली. तिच्या हसण्यात टोमणा नव्हता, असता तर केरूला बरं वाटलं असतं.

"फुकटचं? नको दादा. फुकटचं घ्यायचं नाय, हे तुमीच शिकवलंत."

आतून कुणीतरी हाक मारली तशी ती भांड्यांकडं गेली. केरू ताटापुढं बसून राहिला. भात तिनं शीग चढवून वाढला होता, आणि त्याच्याकडून तिला काहीच नको होतं.