कप्तानाची उडी

गल्लीत तिला सगळे 'बोटवाली' म्हणत, आणि गंमत म्हणजे बोटीत पाय ठेवला की तिच्या पोटात ढवळायला लागायचं. तरी आयुष्यभर ती माहितीपट काढत आली ते बोटींवरच. दीपगृहं, गोद्या, भंगारात निघालेली जहाजं. आई वैतागून म्हणायची, "लग्नाचे व्हिडिओ काढले असतेस तर चार माणसं ओळखत तरी असती!"

तिला सगळ्यात जास्त छळलं ते एका प्रवासी बोटीनं. बोटवालीच्या जन्माआधी ती बुडाली. बरीच माणसं गेली, कप्तानही गेला. पण वाचलेले सांगत सुटले, की पहिली उडी मारली ती कप्तानानंच. तो बोल त्याच्या लेकीला शाळेत ऐकावा लागला, सासरी ऐकावा लागला. आता ती निवृत्त शिक्षिका होती. बोटवाली भेटायला गेली तर तिनं दारातूनच वाटेला लावलं. "आमच्या अब्रूची लक्तरं टांगून झाली ना? आता पडद्यावर कशाला?"

बोटवालीनं काम सोडलं नाही, पण मनात धाकधूक होती. शोधून शोधून तेच खरं निघालं तर?

पुढे एका वाचनालयात तिनं जुन्या बंदरांवरचा माहितीपट दाखवला आणि त्या बुडालेल्या बोटीची माहिती शोधतेय असं सांगितलं. कार्यक्रम संपल्यावर एक आजी काठी टेकत आल्या.

"त्या बोटीत मी होते गं. लहान होते."

"कप्तानानं आधी उडी मारली म्हणतात..."

"मारलीच की! मी कठड्यावरून खाली पडले म्हणून मारली. मला एका फळीवर चढवलं आणि ते परत बोटीकडे पोहत गेले. आम्ही नंतर लांब राहायला गेलो. लोक असं बोलतात हे मला आज कळतंय."

बोटवाली हुरळली नाही. तिनं त्याच बोटीवरचा एक म्हातारा खलाशी गाठला आणि आजींचं नावही न काढता विचारलं. तो म्हणाला, "पोरगी पडली म्हणून साहेब उडी मारून गेले, परत आले, माणसांना होडीत ढकलत राहिले. मी तेव्हाच सांगितलं होतं हो. ऐकतंय कोण!"

मग ती आजींना घेऊन शिक्षिकेकडे गेली. आजी त्या बोटीतल्या आहेत म्हटल्यावर शिक्षिकेनं दोघींना आत घेतलं, कॅमेराही लावू दिला. सगळं ऐकून शिक्षिका पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ रडली. बोटवाली कॅमेरा बंद करायला गेली तर तिनं हात धरला.

"राहू दे. ऐकू दे सगळ्यांना."

मग आजींकडे सरकून म्हणाली, "बाबा तुमच्याशी काही बोलले का हो?"

"म्हणाले, पाय हलव गं, घाबरू नकोस."

शिक्षिकेनं ते पुन्हा सांगायला लावलं, मग पुन्हा. तिसऱ्यांदा तिला चक्क हसू फुटलं. "अगदी असंच बोलायचे!"

बोटवालीनं मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "चहा मिळेल का?"