उशिरा पडलेला टँकर

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी पावसानं दडी मारली होती. सिद्धेश्वर ऑर्केस्ट्रावाल्यानं त्यावरच डिस्कोच्या ठेक्यात गाणं बांधलं: ‘जिल्हा झाला, आता टँकर आण’. ते आपणच गाणार, याविषयी कुसुमबाईंना शंका नव्हती. शाळेत त्या संगीत शिकवत, आणि त्याच्या ऑर्केस्ट्रात बारा वर्षं गात आलेल्या.

पण पाण्याच्या रांगेत भांडणाऱ्या भीमा नावाच्या पोरीचा आवाज सिद्धेश्वरच्या कानावर पडला आणि त्यानं तिलाच धरून आणलं.

“बाई, तुमचा गळा लई गोड हाय,” तो कुसुमबाईंना म्हणाला. “पर ह्या ठेक्याला खरखर पायजे. तिला तेवढं तालात बसवा.”

कुसुमबाई हसून हो म्हणाल्या. आतून जळत होत्या. तीन दिवस त्यांनी भीमाला शिकवलं, आणि ‘टँकर’ हा शब्द मुद्दाम एक मात्रा उशिरा घ्यायला लावला. रेकॉर्डिंगला ती फसेल, सिद्धेश्वर वैतागेल आणि माइक आपल्याकडं येईल, असा बेत.

नांदेडला रेकॉर्डिंगच्या कोंदट खोलीत भीमा ‘आता’ म्हणून थांबली. ड्रम एकटाच वाजला. मग ‘टँकर’ असा पडला की गिटारवाल्यानं मान वर केली.

“हेच ठिवा,” सिद्धेश्वर म्हणाला. “टँकर येळेवर कवा येतंय?”

कॅसेट उदगीरपासून भोकरपर्यंत वाजली. वरातीत लोक त्या रिकाम्या मात्रेवर हात वर करून थांबायचे आणि शब्द पडला की उसळायचे. कुसुमबाईंनी ऑर्केस्ट्रा सोडला. रेडिओवर ते गाणं लागलं की त्या बंद करत.

बऱ्याच वर्षांनी त्यांनी नवऱ्याला, रेणुकादासांना, सगळं सांगितलं. “ती मात्रा माझी आहे. वाईट मनानं दिली होती मी.”

“अगं, आता तरी तिच्या गाण्यावरचा हक्क सोड,” ते म्हणाले.

गेल्या वर्षी बिलोलीच्या एका लग्नात दोघी शेजारी बसल्या होत्या. डीजेनं तेच गाणं लावलं. भीमानं त्यांचा हात धरला.

“बाई, तुमी शिकवलं म्हणून जमलं बगा. मी सगळ्यास्नी सांगते.”

खरं काय ते कुसुमबाईंच्या तोंडाशी आलं, तेवढ्यात ती रिकामी मात्रा आली. मांडवातली पोरं हात वर करून थांबली, आणि त्यातली किती जण भीमाकडं बघतायत, हेच त्या मोजत राहिल्या.