वन्संचा पेपर मी फोडला

गिरगावच्या फणसवाडीत माझ्या थोरल्या नणंदेनं ज्याला गुण दिले नाहीत असा माणूस शोधून सापडायचा नाही. माणूसच कशाला, भाजीवाल्याची मेथी, गणपतीतली आरती आणि वरच्या मजल्यावरचं भांडण, सगळ्यांना त्यांच्याकडून दहापैकी काहीतरी मिळायचंच. चाळीस वर्षं गिरगावातल्या शाळेत मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या, त्यांचं लाल पेन झालं नाही. लग्नाच्या पत्रिका त्या शुद्धलेखन तपासून यजमानांकडे परत धाडत. एकीवर तर ‘वधूपिता घाईत दिसतात’ असा शेराही होता, आणि तरी त्याच लग्नाला सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या रांगेत बसल्या. मी नवी नवरी म्हणून दादरच्या घरात आले ती ‘आमची मुलगी फार हुशार’ असं माहेरचं प्रमाणपत्र घेऊनच. माहेरपणाला आलेल्या वन्संनी माझा पहिला उपमा खाल्ला आणि म्हणाल्या, “साडेचार. त्यातला अर्धा कोथिंबिरीचा.” मी मोरीत जाऊन रडले. आणि महिन्याभरात हीच हुशार मुलगी हातात ताटली घेऊन “वन्सं, आज किती?” करत त्यांच्या मागे फिरायला लागली. सहाच्या वर त्या कधी गेल्या नाहीत आणि मी विचारायचं सोडलं नाही.

आता त्या ब्याऐंशीच्या, मी पंचाहत्तरीची. त्यांचे यजमान गेल्यापासून फणसवाडीतल्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहतात. मागच्या वर्षी दूध लागून भांडं काळं झालं, एकदा नाही, तीनदा. मग एका संध्याकाळी शेजारच्या इमारतीत, परक्या दाराला आपली किल्ली लावताना सापडल्या. त्यांचा मुलगा करी रोडला टॉवरमध्ये अठ्ठाविसाव्या मजल्यावर राहतो. तो म्हणाला, “आई, स्मरणशक्तीची तपासणी करून घेऊ. गडबड निघाली तर ही खोली बंद, तू आमच्याकडे यायचं.” तो गेल्यावर वन्सं माझ्याकडे वळल्या. “तिथं खिडकीतून माणूस दिसत नाही गं, नुसत्या घारी दिसतात. घारींना काय गुण देऊ?”

इथं मी माझी अक्कल चालवली. तीच तपासणी त्याच दवाखान्यात महिन्यापूर्वी माझी झाली होती आणि प्रश्न मला पाठ होते, ह्याचा मला केवढा तोरा! डॉक्टर पाच शब्द सांगतात, इकडचं-तिकडचं विचारतात आणि मग ते शब्द परत विचारतात. शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, कागदावर घड्याळ काढायला लावतात. मी रोज दुपारी बसने गिरगावात जाऊन शिकवणी घ्यायला लागले. पेरू, कंदील, शाल, पूल, मांजर. वन्संनी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असा उलटा पाढाच बसवला. घड्याळं इतकी काढली की दूधवाल्याच्या बिलामागेही अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. जन्मभर कॉपीवाल्यांचे कान पिळणारी बाई फुटलेला पेपर घोकत होती आणि मला त्याची नुसती मजा वाटत होती. निकाल लागला, पैकीच्या पैकी! मुलानं पेढे आणले. मी दोन खाल्ले.

पुढे सहा महिन्यांनी पुन्हा बोलावणं आलं. त्याआधीच एका दुपारी मी त्यांचं वर्तमानपत्र सहज उचललं. लाल रेघा होत्याच, पण सगळ्या बरोबर लिहिलेल्या शब्दांखाली. मी ते घडी घालून ठेवलं, कुणाला काही बोलले नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेरू-कंदील सुरू केलं.

डॉक्टरीणबाई ह्या वेळी म्हणाल्या, “आजी, पाच शब्द सांगते, नीट ऐका.” शब्द नवे होते. पण त्यांचं सांगून होतंय न होतंय तोच वन्संनी वर्गात पहिला हात वर करणाऱ्या मुलीच्या उत्साहानं सुरुवात केली, “पेरू, कंदील, शाल...” डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “नाही आजी, आत्ता मी कोणते सांगितले?” वन्सं थांबल्या. मग मागे वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला पाचही आठवत होते. नुसते ओठ हलवले असते तरी पुरलं असतं.

“डॉक्टर,” मी म्हणाले, “मागच्या वेळी ह्यांना उत्तरं मी पढवली होती.”

त्या डॉक्टर पोरीनं मला रागावून काही म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “मग औषधं सहा महिने आधी सुरू करता आली असती, आजी.” त्या संध्याकाळी मुलाशी बोलणं झालं. सध्या खोली राहिली. दिवसा एक बाई येते, रात्री तो येऊन झोपतो. सध्या, असं तो दोनदा म्हणाला.

दवाखान्यातून निघालो तेव्हा टॅक्सीत वन्संनी एका हाताची बोटं मोजली. मग म्हणाल्या, “तुला येत होते ना गं पाचही?”

“हो.”

“मग मला का नाही सांगितलेस?”

ठाकुरद्वार आलं तशी त्यांनी माझा हात धरला. “बरं केलंस. पण उद्या ये हं.”

मी रोज जाते. कधीकधी दार उघडून त्या मला निरखून पाहतात नि विचारतात, “अगं, आज कशी काय आलीस?”

“तुम्हीच बोलावलंत की,” मी म्हणते, आणि आत जाते.