चहाच्या टेबलाखालचं कबूतर

घशाच्या ऑपरेशननंतर माझा आवाज गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, आता एवढाच राहील. एवढाच म्हणजे कुजबुज. अंधेरीच्या जुन्या गावठाणातल्या आमच्या लुथरन चर्चमध्ये रविवारी शास्त्रपाठ वाचायचं काम माझं, लग्न होऊन आले तेव्हापासूनचं. आता माइकपुढे उभी राहिले तर नुसती फसफस. पुस्तक मिटून खाली उतरले आणि घरी येऊन देवाशी अबोला धरला. तुझंच वाचत होते ना रे, मग माझाच घसा कसा सापडला तुला? उपासनेला जात राहिले, पण चहा वाटण्यापुरती.

आमचं चर्च लहानसं. चुन्याच्या जाड भिंती, वर कौलं, आत सागवानी तुळया. चारी बाजूंनी टॉवर उठले, त्यांच्यात ते अगदी बसकं दिसतं. परदेशी मिशनऱ्यांनी नकाशा काढला आणि कोकणातल्या सुतारांनी लाकूडकाम केलं, एवढाच इतिहास आम्हाला ठाऊक. मागच्या पडवीत एक आठकोनी सागवानी टेबल होतं, लोखंडी पायांचं. किटली, कप, बिस्किटं, सगळं त्याच्यावर.

एका रविवारी चेंबूरहून एक मालवणी आजी आल्या, नातसुनेचा हात धरून. आपल्या सुतार वडिलांचं काम मरायच्या आधी एकदा बघायचं होतं म्हणे. मी चहा पुढे केला. त्यांनी कप घेतलाच नाही, टेबलाकडे बघत राहिल्या.

"अगो, ह्यां खाली कित्याक ठेवलास? ह्यां पाद्र्याच्या डोक्यार होतां. पाद्र्याचो आवाज बारीक, म्हणान माझ्या बापाशीन केलेलां. खाली हात लावन बघ, कबूतर असतलां."

मी हात घातला. बोटांना पंख लागले.

पाळकसाहेबांना हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज कुठला! हातानेच बोलावलं. टेबल उलटं केलं, तर पंख पसरलेलं कोरीव कबूतर, पवित्र आत्म्याचं. व्यासपीठावरून बोलणाऱ्याचा आवाज मंडळीकडे फेकायला डोक्यावर टांगलेलं हे लाकडी छत, माइक आले तेव्हा कुणीतरी अडगळ म्हणून उतरवून त्याला पाय लावले असणार. सांगायला त्या वेळचं कुणी उरलं नव्हतं.

ते पुन्हा व्यासपीठाच्या वर टांगलं, त्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "मावशी, माइक बंद करतो. तुम्ही वाचा."

"हसं होईल माझं," मी पुटपुटले.

"झालं तर झालं."

मी व्यासपीठावर चढले. कुणीतरी पंखेही बंद केले. पहिली ओळ नेहमीच्या कुजबुजीतच निघाली, वर लाकडाला लागली आणि मंडळीकडे गेली. ती जाताना मला कळली, कशी ते सांगता येत नाही. शेवटच्या बाकावर त्या मालवणी आजी मुद्दाम येऊन बसल्या होत्या, त्यांची मान डोलत होती. उपासना संपल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "सगळां आयकाक इलां गो."

मी तिथेच रडले. आवाज परत आला नाही, आजही नाही. मी तो मागत होते, रुसत होते, आणि देवाने द्यायचं ते माझ्या जन्माआधीच घडवून ठेवलं होतं. मीच त्याच्यावर किटली ठेवत होते. आता मागणं सोडलंय. एकदा वर बघते आणि वाचायला लागते.

चहाला मात्र टेबल उरलं नाही. गरम कप हातात धरून आम्ही पडवीत उभे असतो. बोटं भाजली की मला हसू येतं, आणि मी मनातल्या मनात देवाचे आभार मानते.