बाबांची गाडी, मायचं तिकीट

माझे वडील धामणगाव बढे ते मोताळा काळी-पिवळी जीप चालवतात आणि मी कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. माझं शास्त्र आणि बाबांची गाडी यांचं कधी भांडण होईल असं वाटलं नव्हतं. उलट दोघांचं फार जमायचं. बिघडलं ते मायमुळे.

काळी-पिवळीचा कारभार सोपा आहे. स्टँडवर गाड्यांचे नंबर लागतात. ज्याचा नंबर असेल त्याची गाडी आधी भरते, मागच्यानं मधेच शीट ओढायचं नाही. प्रवाशाला आमच्याकडे शीट म्हणतात. आणि शीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही, मग कुणाची कोर्टातली तारीख असो की कुणाचं दुखणं. हे नियम कुठल्याही साहेबानं केलेले नाहीत. ड्रायव्हर लोकांनी चहाच्या टपरीवर बसून केले आणि ते पाळले जातात. कॉलेजात असताना मी वाचलं, की सरकारनं हुकूम काढला नाही तरी माणसं आपापसात व्यवस्था लावून घेतात. त्याचं उदाहरण मला शोधावं लागलं नाही. आमच्या स्टँडवर ते रोज हॉर्न वाजवत उभं असायचं.

त्याच दिवसांत आणखी एक विचार डोक्यात बसला. ज्या व्यवहाराला देणारा आणि घेणारा दोघंही राजी आहेत, त्यात तिसऱ्यानं हात घालायचं कारण काय? आमच्या गल्लीत असे तिसरे फार होते. पोरीनं किती शिकावं, किती वाजता घरी यावं, मोबाईलवर कुणाशी बोलावं, सगळ्यांचं सगळ्यांबद्दल मत. म्हणून बाजाराचं स्वातंत्र्य आणि पोरीचं स्वातंत्र्य या मला दोन वेगळ्या गोष्टी कधी वाटल्याच नाहीत. अजूनही वाटत नाहीत.

मग बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. बाबांच्या गाडीतल्या बाया गेल्या. बायांबरोबर लेकरं गेली, आणि पिशव्या धरायला सोबत येणारे पुरुषही गेले.

"सरकारच ड्रायव्हर झालं तं आमी टक्कर कोनाशी घ्यावी?" बाबा जेवताना म्हणायचे.

मी त्यांना समजावलं. एसटीनं अर्धं तिकीट घेतलं तरी उरलेलं अर्धं सरकार भरतं. सरकार ते आपल्याकडून घेतं. तुम्ही डिझेल भरता त्यात कर असतो. म्हणजे समोरच्या गाडीचं भाडं थोडंसं तुम्हीच भरून राहिले. बाबा घास हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी स्टँडभर झालं, "पोरगी म्हनते, आपल्याच डिझलच्या पैशानं आपलेच शीट पळवून राह्यले." टपरीवाल्यानं माझ्या चहाचे पैसे घेतले नाहीत. इतकी इज्जत मला वर्गात कधी मिळाली नाही.

त्या जोरावर ड्रायव्हर लोकांनी एक ठराव केला. सगळ्यांच्या बाया एसटीत बसतात ते आपल्या हातात नाही, पण आपल्या घरच्या बाया तरी तिथं दिसायला नको. बाबांनी आमच्या घराची जबान देऊन टाकली. माझ्यापुरती सूट मागून घेतली. "तिले कॉलेजात टायमावर जा लागते," त्यांनी सांगितलं, "अन् ते अर्धं घेत नाही, पूरं तिकीट काढते."

ते खरं होतं. मी तत्त्व म्हणून पूर्ण तिकीट मागायची. आणि रोज नवा कंडक्टर, रोज नवा तमाशा.

त्या सकाळीही तसंच झालं. एसटी गच्च भरलेली. मी दांडा धरून उभी. कंडक्टर आले.

"मोताळा. एक पूर्ण."

"संगं कोनी आहे का?"

"नाही. माझंच. पूर्ण द्या."

"बाईले अर्धं असते मॅडम."

"माहीत आहे. मला सवलत नको."

त्यांनी मशीनवरचं बोट तसंच ठेवलं. "चेकर चढला तं मले इचारीन, बाईले पूरं काऊन फाडलं? मी काय सांगू, बाईच्या मनात आलं?"

"हो. तेच सांगा."

"भाऊ, बाई घ्या म्हनते तं घ्या ना," एक म्हातारबुवा बोलले. "मले द्या उरलेले." गाडी हसली. आणि त्या हसण्यातून मागून एक आवाज आला, जो मी झोपेतही ओळखला असता.

"काय वं, पैसे उतू चालले का तुले?"

माय होती. खिडकीची जागा, मांडीवर पिशवी, हातात अर्ध्या तिकिटाची चिट्ठी.

मी माणसांमधून वाट काढत तिच्यापर्यंत गेले. "माय, तू कुठं निघाली?"

"मोताळ्याले."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? जावं वाटलं."

एवढं सरळ उत्तर आमच्या घरात कुणी दिलेलं मला आठवत नव्हतं. मग तिनंच सांगितलं. मोताळ्यात तिची एक जुनी मैत्रीण आहे. तिच्याकडे जायचं, चहा घ्यायचा, कापडाच्या दुकानात दोन-चार तागे उघडायला लावायचे, घ्यायचं काहीच नाही, आणि बाबांच्या आधी घरी. बरेच दिवस चाललं होतं हे.

"अगं पण बाबांच्या गाडीत तुला फुकट येता येतं."

"फुकटच येते. म्हनून तं."

"म्हणजे?"

"तुह्या बापाच्या गाडीत बसलं का शीट भरेपर्यंत बसून राह्य. अन् शीट भरले का उतर."

ती हे रागानं बोलली नाही. पण मला एकदम दिसायला लागलं. लहानपणी मी आणि माय पुढच्या सीटवर बसलेल्या असायचो. एखादं मोठं कुटुंब आलं की बाबा फक्त मायकडे पाहायचे. माय पिशवी घेऊन उतरायची, मला उतरवायची. मग मागच्या गाडीत जाऊन बसायचं. तो ड्रायव्हरही वहिनीकडून पैसे घ्यायचा नाही, म्हणून तिथंही आम्ही सगळ्यात शेवटचे. मला वाटायचं, ड्रायव्हरच्या घरच्यांचा प्रवास असाच असतो.

मायनं चिट्ठी माझ्यापुढे धरली. "ह्याचे मी पैसे देल्ले. अर्धे का होईना. आता मले कोन उठोते?"

"उरलेले अर्धे बाबांच्या खिशातून जातात, माय."

"मंग पूरं घे म्हना मायाकडून. मी नाही म्हनली का? हे घेतच नाही." तिनं कंडक्टरकडे हनुवटी केली. मग थोडं थांबून म्हणाली, "अन् तुही कॉलेजची फी माफ होती ते कोनाच्या खिशातून होती?"

"ते वेगळं."

"काऊन वेगळं?"

याचं उत्तर मी तेव्हा दिलं, आणि ते मलाच पटलं नाही. शिकलेल्या माणसाचा पुढे सगळ्यांना उपयोग होतो, असं काहीतरी. माय म्हणाली, "अन् मी मोताळ्याले गेली तं कोनाले काही उपयोग नाही." ते विचारणं नव्हतं, तक्रारही नव्हती. ती खिडकीबाहेर पाहत होती. मला अजूनही वाटतं की सवलतीचा हिशेब मी बरोबर मांडला होता. फक्त गाडीत बसलेल्या बाईला उठवता येतं की नाही, हा रकाना माझ्या हिशेबात कधी नव्हता. आणि एक कोडं मला तेव्हापासून पडलं. जी वस्तू फुकट मिळते, तिच्यावर आपला हक्क कमी का होतो?

मोताळ्याच्या स्टँडवर आम्ही दोघी एसटीतून उतरलो तेव्हा समोरच आमच्या लाइनीतला एक ड्रायव्हर उभा होता. त्यानं नमस्कार केला. एवढंच पुरेसं होतं.

रात्री बाबा लगेच जेवले नाहीत. हात धुऊन बसले आणि म्हणाले, "स्टँडवर मी तोंड कसं दाखवावं?"

माय भाकरी थापत राहिली.

"उद्यापासून एसटी नाही," बाबा म्हणाले. "जायाचं असन तं मले सांगायचं, मी नेतो." मग माझ्याकडे वळले. "सांग वं हिले. तुह्या शास्त्रात काय म्हनते ते सांग."

मला टाळता आलं असतं. पण मी शिकवते तेच सांगितलं. "सरकारनं तुमच्या धंद्यात हात घातला, ही तुमची तक्रार बरोबर आहे, बाबा. पण तुम्ही मायच्या जाण्यायेण्यात हात घालायचा, हे त्या शास्त्रात बसत नाही. तिथं तुम्हीच सरकार झाले."

"मंग तुहं शास्त्र हाय कोनाकडून?"

"कोणाकडूनच नाही."

"तं मंग शिकलीस कायले?"

मायनं तव्यावरची भाकरी उलटली. "मी तुमच्याच गाडीत येते," ती म्हणाली. बाबांचा चेहरा सैल झाला. "पर पैसे देऊन येते. पूरं भाडं."

"बायकोपासून पैसे घेऊ? लोक हासतीन."

"लोकायच्या बायकोपासून घेता ना."

बाबांना खोकला आला. मला हसू आलं, ते मी पाण्याच्या पेल्यात लपवलं.

बाजाराच्या दिवशी माय खरंच स्टँडवर गेली. बाबांचा नंबर होता. मी सोबत होते, कॉलेजला सुट्टी होती; जागा उरली तर बसायचं म्हणून खालीच उभी राहिले. माय पुढच्या सीटवर बसली नाही. मधल्या रांगेत, खिडकीला बसली आणि बाबांपुढे नोट धरली. बाबांनी इकडंतिकडं पाहिलं. टपरीवरचे सगळे इकडेच पाहत होते. मायचा हात तसाच पुढे. शेवटी बाबांनी नोट घेतली आणि वरचे सुटे परत दिले, जसे कुणालाही देतात.

मागच्या नंबरचा ड्रायव्हर आला. "वहिनी, पुढं बसा ना. हे जागा शिटाची हाय."

"मी शीटच आहो," माय म्हणाली.

तेवढ्यात एक मोठं कुटुंब आलं, पाहुणपणाला निघालेलं. कपडे नवे, डब्यांवर फडकी बांधलेली. गाडीत दोन म्हातारे आधीच बसले होते. उरलेल्या जागेत ते सगळे मावत होते, फक्त एक माणूस उरत होता. मागच्या ड्रायव्हरनं बाबांना खूण केली. बाबांनी मायकडे पाहिलं. ते पाहणं मी ओळखलं, लहानपणीचंच होतं. माय हलली नाही. तिनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. पैसे घेतलेल्या माणसाकडे पाहतात तसं.

बाबांनी नजर वळवली. "एक शीट भरेल हाय," ते त्या कुटुंबाला म्हणाले. "एका जनाले दाटून बसा लागन."

ते लोक कुरकुरले आणि मागच्या गाडीत गेले. बाबांची गाडी पुन्हा जवळजवळ रिकामी. मागची भरली तरी उभीच, कारण नंबर बाबांचा होता. ऊन चढलं. म्हाताऱ्यांतला एक घोरायला लागला. मग मायनं सुरू केलं.

"कवा काढता गाडी?"

"भरू दे ना."

"उशीर होऊन राह्यला मले."

"थांब ना थोडं."

"मंघापासून थोडंच चालू हाय."

टपरीवर हशा झाला. इतक्यात एसटी येऊन थांबली. माय खाली उतरली आणि बाबांपुढे हात केला. "पैसे वापस द्या."

"आता कुठी चालली?"

"गाडी सुटत नाही तं काय करू? मले काम हाय."

"काय काम हाय?"

"शिटाले कोनी इचारते का, काय काम हाय म्हनून?"

बाबांचा हात खिशात गेला. त्यांच्या मनात काय चाललं होतं हे मी पुष्कळदा आठवून पाहते. सगळ्यांसमोर दिलेली जबान होती, आणि सगळ्यांसमोर घेतलेले पैसेही होते. कोणतं मोडायचं? गाडी न निघता शीट उतरलं तर पैसे परत, हा नियम याच टपरीवर ठरलेला आहे. बाबांनी नोट परत केली. मायनं आठवणीनं सुटे त्यांच्या हातावर ठेवले, पदर खोचला आणि सगळ्या स्टँडसमोरून चालत जाऊन एसटीत चढली.

"गेलं भाऊ तुमचं शीट," मागचा ड्रायव्हर म्हणाला.

एसटी निघाली. तिची धूळ बसायच्या आत बाबा गाडीत चढले आणि चावी फिरवली. मी घाईनं चढले; मी आणि ते दोन म्हातारे, एवढेच आत.

"अहो, भरली कुठं?" मागून ओरडा झाला.

एका फाट्यावर तिघं हात करून उभे होते, ते बसले. पुढे आणखी एक बाई बसली. तिनं विचारलं, "आज लवकर कशी निंघाली गाडी?" बाबा म्हणाले, "निंघाली." असं एका दिवसानं धंदा सुधारत नाही, हे मी जाणते. त्या फेरीत डिझेलचे पैसेही सुटले नसतील. गेलेल्या बाया अजून परत आलेल्या नाहीत, आणि ते अन्यायाचं आहे असं मी आजही वर्गात सांगते. पोरं वाद घालतात. घालू देते.

मोताळा जवळ आल्यावर बाबांनी विचारलं, "तुही माय वापस कोन्त्या गाडीनं येईन?"

"मी विचारलं नाही."

त्यांनी मान हलवली. स्टँडवर शीटं उतरली, मी बाजारातल्या कामाला गेले. थोड्या वेळानं त्याच रस्त्यानं परत आले तर काळी-पिवळी सावलीत उभी होती आणि गाडीत कुणी नव्हतं. बाबा समोर एसटीच्या आवारात होते. भिंतीवरच्या पाटीपुढे उभे राहून, बोट लावून, धामणगावच्या वेळा वाचत होते.