रिकामं ताट

कुसगावजवळच्या आमच्या नाट्यसंगीताच्या शाळेत मी गाणं शिकवतो. तिथल्या मेसच्या मावशी फारशा बोलत नाहीत. वाढताना प्रत्येक पोराला "अजून?" एवढंच विचारतात आणि उत्तर यायच्या आत डाव ताटात रिकामा करतात. पण कुणी ताटावर बोटं वाजवली, की त्यांचा चेहरा उतरतो. "रिकामं ताट वाजवू न्हाई बाबा. घरात उपासमार येती."

यंदा मुलांनी आपल्याच शाळेवर संगीत नाटक बसवलं. त्यातलं सगळ्यात रंगणारं गाणं मेसमधलं. जेवणाची वाट बघत बसलेली पोरं ताटांवर ठेका धरतात आणि गातात. मावशी तालमीला दारात येऊन उभ्या राहायच्या, पण ते गाणं आलं की निघून जायच्या. मी एकदा म्हटलं, "मावशी, नाटक आहे हो ते."

"व्हय. पर ताटं तर खरीच हायती."

प्रयोगाच्या संध्याकाळी मेसच्या प्रवेशाला पडदा उघडला. पोरांनी ठेक्यासाठी हात उचलले आणि तसेच थांबले. मी पेटीवरून डोळे वटारले. मग दिसलं, प्रत्येक ताटात गुळाचे दोन-तीन खडे होते. पोरांनी एकमेकांकडे बघितलं, एकेक खडा तोंडात टाकला आणि भरल्या तोंडानं गाणं सुरू केलं. निम्मे शब्द कुणालाच कळले नाहीत.

मी चिडून विंगेत बघितलं. मावशी गेल्या नव्हत्या. पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, आणि त्यांच्या पायाचा अंगठा ठेका धरत होता.